माझे मत गृहीत धरू नका

निवडणूक जाहीर झाली की वस्तीत मला एकच प्रश्न विचारला जातो : "ताई, तुम्ही नेमक्या कोणाच्या?" विचारणारा पंजाचा असेल तर त्याला वाटते मी वंचितची. वंचितचा असेल तर त्याला वाटते मी पंजाला विकली गेले. बसपाचे जुने कार्यकर्ते मला अजून आपली समजतात, फक्त 'थोडी भरकटलेली'. मी कोणाचीच सदस्य नाही, असे सांगितले की समोरचा हसतो. अपक्ष उमेदवार लोकांना माहीत आहे, पण अपक्ष मतदारही असू शकतो ही कल्पनाच आपल्याकडे रुजलेली नाही.

मी बौद्ध आहे, आंबेडकरवादी आहे, उत्तर नागपूरची मतदार आहे. समाजशास्त्रात एम. ए. केले आणि गेली काही वर्षे वस्त्यांमध्ये काम करते : शिष्यवृत्तीचे अर्ज, जात पडताळणीची कागदपत्रे, अॅट्रॉसिटीच्या केसमध्ये साक्षीदारांसोबत कोर्टात बसणे. आजवर एका पक्षाला आजीवन मत देण्याची शपथ मी घेतलेली नाही आणि घेणारही नाही. असे का, ते उघडपणे लिहून टाकावे म्हणून हा लेख. कुजबुजीत याच गोष्टीला 'गद्दारी' म्हणतात, म्हणून ती लेखी असलेली बरी.

आधी एक गैरसमज दूर करू. स्वतंत्र मतदार म्हणजे तटस्थ मतदार नव्हे. जातिव्यवस्था आणि तिचे बळी यांच्यामध्ये मी तटस्थ नाही. कुंपणावर बसून दोन्हीकडची मजा पाहणारी तर मी मुळीच नाही. माझी बाजू ठरलेली आहे. त्या बाजूसाठी कोणते हत्यार कधी उचलायचे, एवढेच मी दर वेळी नव्याने ठरवते.

माझी बाजू कोणती, तेही स्पष्ट सांगते. संविधानाची मूळ चौकट आणि धर्मनिरपेक्षता यांच्याशी तडजोड नाही. बाबासाहेबांनी १९४७ साली 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये शेती आणि मूलभूत उद्योग राज्याच्या हाती असावेत अशी मांडणी केली. त्यातला प्रत्येक तपशील आज जसाच्या तसा लागू करावा असे मी म्हणत नाही, पण शिक्षण, आरोग्य आणि कायम नोकरी बाजाराच्या भरवशावर सोडू नये, हे त्यातले सूत्र मला मान्य आहे. खासगी क्षेत्रात आरक्षण हवे. जातनिहाय जनगणना हवी, आणि केंद्राने ३० एप्रिल २०२५ रोजी ती करण्याचा निर्णय घेतला त्याचे मी स्वागत करते, निर्णय कोणत्या सरकारने घेतला हे न पाहता.

आता जिथे आपल्याच लोकांशी माझे पटत नाही तो मुद्दा. १ ऑगस्ट २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांच्या खंडपीठाने अनुसूचित जातींच्या उपवर्गीकरणाला परवानगी दिली. त्यातल्या काही न्यायाधीशांनी क्रीमी लेअरचाही पुरस्कार केला. क्रीमी लेअरला माझा ठाम विरोध आहे. अस्पृश्यता पगाराची स्लिप पाहून शिवायला येत नाही. पण महाराष्ट्राच्या यादीत ५९ जाती आहेत, आणि मातंग बांधव किंवा त्याहून लहान जाती "आमच्यापर्यंत काय आले?" असे विचारतात, तेव्हा त्यांना 'मनुवाद्यांचे हस्तक' म्हणून गप्प करणे मला जमत नाही. आधी जातनिहाय आकडे, मग चर्चा, ही माझी भूमिका आहे. ही भूमिका कोणत्याच पक्षाच्या फलकावर मला मिळत नाही. मग सगळी मते एकाच पक्षाच्या झोळीत कशी टाकू?

मत हा हक्क आपल्याला फुकट मिळालेला नाही, हे आपल्या तरुणांना सांगावे लागते. १९१९ साली साउथबरो समितीपुढे साक्ष देताना बाबासाहेब अठ्ठावीसही पूर्ण नव्हते. त्या काळी मताचा हक्क मालमत्तेवर आणि शिक्षणावर ठरत असे, आणि हजारो वर्षे ज्यांना दोन्ही नाकारले त्यांना मत कुठून मिळणार? पुढे १९२८ साली सायमन कमिशनपुढे त्यांनी प्रौढ मताधिकाराची मागणी केली. सोबत राहणाऱ्या माणसांनी कोणत्या अटींवर सोबत राहायचे, ते ठरवण्याचा अधिकार म्हणजे मताधिकार, अशी त्यांची मांडणी होती. माझ्या मते आजही मताची यापेक्षा चांगली व्याख्या नाही. अटी ठरवणारा माणूस अटी न सांगताच सही करत नाही.

पक्षाबद्दल बाबासाहेबांची वृत्ती काय होती तेही पाहा. १९३६ साली त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. १९४२ च्या जुलैमध्ये आपल्याच नागपुरात, मोहन पार्कच्या परिषदेत, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन स्थापन झाले. शेवटच्या काळात त्यांनी फेडरेशनही बाजूला ठेवून रिपब्लिकन पक्षाची कल्पना मांडली. वीस वर्षांत तीन पक्ष! परिस्थिती बदलली तसे त्यांनी साधन बदलले, उद्दिष्ट बदलले नाही. आपण मात्र साधनाचीच पूजा बांधून बसलो. २५ नोव्हेंबर १९४९ च्या संविधान सभेतल्या भाषणात त्यांनी राजकारणातल्या भक्तीबद्दल दिलेला इशारा आपण मोदीभक्तांना रोज ऐकवतो. तो इशारा निळ्या झेंड्याखालच्या भक्तीलाही लागू आहे, हे सांगायची वेळ आली की आवाज खाली येतो.

भंडाऱ्याची १९५४ ची पोटनिवडणूक तर आपल्या विदर्भातली. मतदारसंघ दोन जागांचा होता, एक सर्वसाधारण आणि एक राखीव. प्रत्येक मतदाराला दोन मते. बाबासाहेब राखीव जागेवर उभे होते. एक मत बाबासाहेबांना द्या आणि दुसरे कुजवा, म्हणजे विरोधकांना फायदा होणार नाही, असा हिशेब काही कार्यकर्त्यांनी मांडला. बाबासाहेबांनी तो मान्य केला नाही. ज्यांनी संविधानातून मताचा हक्क दिला ते मत वाया घालवा असे कसे सांगणार? ती निवडणूक ते हरले. मी यातून दोन गोष्टी घेते. मत कुजवायचे नाही. आणि दोन मते असतील तर दोन वेगळे विचार करायची आपली तयारी हवी.

हा दुसरा मुद्दा जुना नाही. आपल्या महापालिकेत चार सदस्यांचा प्रभाग आला तेव्हा प्रत्येकाच्या हाती चार मते आली. लगेच सगळ्या पक्षांचा प्रचार सुरू झाला : 'पॅनल टू पॅनल' मारा, चारही बटणे एकाच चिन्हाची. २०१७ मध्ये मी चार मते तीन चिन्हांना दिली. चार जागांवरचे चार उमेदवार मी चार माणसे म्हणून तपासले. नाली कोण साफ करून घेते, पोलीस ठाण्यात सोबत कोण येते, बचत गटाच्या बायकांशी कोण नीट बोलते, ते मला माहीत होते. त्या निवडणुकीत १५१ पैकी भाजपला १०८, काँग्रेसला २९ आणि बसपाला १० जागा मिळाल्या. मार्च २०२२ मध्ये मुदत संपली आणि पुढे साडेतीन वर्षांहून अधिक काळ प्रशासकाच्या हाती कारभार गेला. तेव्हा कळले की नगरसेवक कितीही वाईट असला तरी त्याच्या दारात जाऊन ओरडता येते. प्रशासकाच्या दारात तेही नाही.

आता सगळ्यात अवघड प्रश्नाकडे येते. कोणत्या पक्षाने आपले भले केले?

इंदोऱ्याला नामांतर शहीद स्मारकावरून आपण रोज जातो. १९७८ च्या ऑगस्टमध्ये नागपुरात नामांतराच्या आंदोलकांवर गोळ्या चालल्या तेव्हा राज्यात शरद पवारांचे पुलोद सरकार होते. ११ जुलै १९९७ रोजी मुंबईच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसे मेली, तेव्हा शिवसेना-भाजप युतीचे सरकार होते. २९ सप्टेंबर २००६ रोजी खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातल्या चौघांची हत्या झाली, तेव्हा काँग्रेस-राष्ट्रवादीचे सरकार होते आणि न्याय मागायला रस्त्यावर उतरलेल्या आपल्या पोरांवर नागपुरात लाठ्या पडल्या. तीन सरकारे, तीन वेगळे झेंडे.

आणि मिळाले काय, कधी? धर्मांतरित बौद्धांना केंद्राच्या सवलती मिळायला १९५६ नंतर चौतीस वर्षे लागली. १९९० साली व्ही. पी. सिंग यांच्या सरकारने त्या दिल्या. त्याच वर्षी मंडल आले, त्याच वर्षी बाबासाहेबांना भारतरत्न मिळाले. ते सरकार मजबूत नव्हते, डावे आणि भाजप अशा दोन टोकांच्या बाहेरून पाठिंब्यावर उभे होते. कांशीरामजींना मजबूत सरकारपेक्षा मजबूर सरकार का हवे असे, ते १९९० कडे पाहिले की समजते. २० मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने अॅट्रॉसिटी कायद्याचे दात काढले. २ एप्रिलला देश बंद झाला, माणसे मेली, आणि ऑगस्टमध्ये संसदेने दुरुस्ती करून ते दात परत बसवले. सरकार भाजपचे होते. ते प्रेमाने केले असे कोणी म्हणू नये, रस्त्यावरच्या माणसांनी करून घेतले. १ जुलै २०२४ रोजी दीक्षाभूमीवर भूमिगत पार्किंगचे काम लोकांनी थांबवले. त्या गर्दीत सगळ्या गटांची माणसे होती आणि कोणत्याच गटाची नसलेली त्याहून जास्त. त्याच दिवशी सरकारला स्थगिती द्यावी लागली.

या सगळ्यातून मी एकच निष्कर्ष काढते : आपल्याला जे मिळाले ते आपले मत कोणाच्या खिशात आहे यावर मिळालेले नाही. ज्या ज्या वेळी आपण कोणाच्याच खिशात नव्हतो त्या वेळी मिळाले.

याउलट अनुभव रिपब्लिकन पक्षाचा. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी नागपुरात पक्ष स्थापन झाला आणि दोन वर्षांत दुरुस्त-नादुरुस्त सुरू झाले. पुढचे गट मोजायला बोटे पुरत नाहीत. १९९८ मध्ये ऐक्य झाले तेव्हा प्रकाश आंबेडकर, रा. सू. गवई, जोगेंद्र कवाडे आणि रामदास आठवले असे चौघे, चारही सर्वसाधारण जागांवरून, लोकसभेत गेले. आपण एकत्र आलो तर काय होते याचा तो पुरावा आहे, हे मी मानते. पण त्यानंतरची पंचवीसहून अधिक वर्षे आपण पुढाऱ्यांच्या ऐक्याची वाट पाहतो आहोत. ऐक्य झाले तर आनंदच. तोवर मतदाराने स्वतःचे डोके गहाण ठेवून का बसायचे?

आता माझ्या मतांचा हिशेब. गुप्त मतदान हा माझा हक्क आहे, तो सांभाळायचा की सोडायचा हेही मीच ठरवते.

२०१४ ची विधानसभा. उत्तर नागपुरात मी हत्तीला मत दिले. भाजपचा उमेदवार निवडून आला आणि लगेच आरोप सुरू झाला : "हत्तीवाल्यांनी मते फोडली, म्हणून कमळ फुलले." पण निकाल पाहा ना! दुसऱ्या क्रमांकावर बसपा होती. काँग्रेसचे विद्यमान आमदार तिसरे आले. तिसऱ्याने दुसऱ्याला मते फोडल्याचा दोष द्यायचा, हे कोणते गणित? मते फोडण्याचा आरोप फक्त निळ्या झेंड्यावर होतो. मोठ्या पक्षाने आपली मते फोडली असे म्हणायची पद्धत नाही, कारण आपली मते मुळात त्यांचीच आहेत असे धरलेले असते.

२०१९ ची लोकसभा. मी वंचितला मत दिले. नागपुरात नितीन गडकरींचे मताधिक्य दोन लाखांहून अधिक होते. वंचित आणि बसपा या दोघांची मते काँग्रेसच्या पारड्यात ओतली असती तरी ते अंतर भरले नसते. राज्यात मात्र वंचितमुळे काँग्रेसच्या जागा गेल्या हे खरे आहे. नांदेडचे उदाहरण सगळे देतात : अशोक चव्हाण सुमारे चाळीस हजारांनी पडले आणि वंचितच्या उमेदवाराला दीड लाखावर मते होती. पाच वर्षे आम्हाला 'बी टीम' म्हणून शिव्या खाव्या लागल्या. फेब्रुवारी २०२४ मध्ये अशोक चव्हाण स्वतःच भाजपमध्ये गेले. ज्यांनी आम्हाला बी टीम म्हटले त्यांनी त्या दिवशी आपली ए टीम कुठे गेली ते सांगितले नाही.

२०२४ ची लोकसभा. मी पंजाला मत दिले. 'चारशे पार'च्या घोषणेसोबत संविधान बदलायला एवढ्या जागा हव्यात असे भाजपचे एक खासदार, अनंतकुमार हेगडे, उघड बोलले. अशा वेळी माझ्यासाठी पहिला प्रश्न घर वाचवण्याचा होता, घरात कोणती खोली कोणाला हा नंतरचा. नागपुरात खुद्द वंचितने काँग्रेसच्या उमेदवाराला पाठिंबा जाहीर केला होता. उमेदवार हरला, तरी राज्यात जे व्हायचे ते झाले. पण मतदानाच्या दुसऱ्या दिवसापासून मी काँग्रेसची झाले नाही. कर्नाटकात अनुसूचित जाती-जमाती उपयोजनेसाठी कायदा आहे. तरीही तिथल्या काँग्रेस सरकारने हमी योजनांसाठी या उपयोजनेचे अकरा हजार कोटींहून अधिक रुपये एका वर्षात वळवले. हे मी पंजाला मत दिल्यानंतरही बोलते, आणि मत दिले म्हणूनच जास्त जोरात बोलते.

आपल्याकडे तर असा कायदाच नाही. २०११ च्या जनगणनेनुसार राज्यात अनुसूचित जाती ११.८ टक्के आहेत. त्या प्रमाणात निधी ठेवणे आणि तो दुसरीकडे न वळवणे याची कायदेशीर सक्ती हवी, ही जुनी मागणी आहे. २०२५ मध्ये लाडकी बहीण योजनेसाठी सामाजिक न्याय खात्याचे ४१० कोटी वळवले गेले, तेव्हा खात्याच्या मंत्र्यांनाच जाहीर नाराजी व्यक्त करावी लागली.

लाडकी बहीण निघाली म्हणून एक गोष्ट स्पष्ट बोलते. विधानसभेच्या निकालानंतर आपलेच काही कार्यकर्ते म्हणू लागले, "बाया दीड हजारात विकल्या गेल्या." ज्या घरात नवऱ्याचा रोज आठवड्यातून तीन दिवस मिळतो, त्या घरात दीड हजार म्हणजे सिलिंडर आणि पोरांच्या वह्या. तो पैसा त्यांचा हक्क आहे, लाच नव्हे. एका मावशीने मला सांगितले, "पैसे बी घेईन अन् मत बी माह्या मनानंच देईन, काऊन नाही?" माझ्या माहेरी घरातली पाचही मते वडिलांच्या एका वाक्यावर ठरत. आजही कितीतरी घरांत बाईचे मत नवरा नाहीतर सासरा ठरवतो आणि तो पुरुष सकाळी चौकात लोकशाहीवर भाषण देतो. बाईसाठी स्वतंत्र मतदार होणे पक्षाच्या आधी घरापासून सुरू होते. पैशाबद्दल बोलायचे तर तिला इतकेच सांगायचे की हा पैसा तुझ्याच पोरीच्या शिष्यवृत्तीच्या खात्यातून काढून दिला असेल, तर तो देणाऱ्याला जाब विचार.

माझ्या भूमिकेवर तीन आक्षेप येतात. तिन्ही गंभीर आहेत.

पहिला : एकटा मतदार काय करणार? सौदा करायला गठ्ठा लागतो. अगदी खरे. स्वतंत्र म्हणजे एकटा, असे मी म्हणतच नाही. आमच्या विहारात निवडणुकीआधी आम्ही बसतो आणि पाच प्रश्न कागदावर काढतो. उपयोजनेच्या कायद्यासाठी तुम्ही विधिमंडळात बोलणार का? शिष्यवृत्ती शैक्षणिक वर्ष संपायच्या आत विद्यार्थ्याच्या हाती पडावी म्हणून काय केले? कंत्राटी सफाई कामगारांना किमान वेतन आणि कायम नेमणूक? झोपडपट्टीतल्या घरांचे मालकी पट्टे? आणि पाचवा : अॅट्रॉसिटी कायद्याच्या नियमांनुसार मुख्यमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीची बैठक वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, आणि जिल्हा दक्षता समितीची दर तीन महिन्यांनी व्हायला हवी, या बैठका झाल्या का, तुम्ही विचारले का? पाचवा प्रश्न ऐकून बहुतेक उमेदवार सोबतच्या माणसाकडे पाहतात. अशी समिती असते हेच त्यांना माहीत नसते. जो लेखी उत्तर देतो त्याचे उत्तर आम्ही विहाराच्या फळ्यावर लावतो, देत नाही त्याच्या नावापुढे जागा कोरी ठेवतो. कोणाला मत द्या असे विहार सांगत नाही आणि सांगूही नये. पण ती कोरी जागा सगळी वस्ती वाचते.

दुसरा आक्षेप : बदलणारे मत विकाऊ असते. माझा अनुभव उलटा आहे. मतदानाच्या आदल्या रात्री पाकिटे आणि बाटल्या येतात त्या पक्षनिष्ठांच्या घरीही येतात. विकलेले मत आणि स्वतंत्र मत यांतला फरक साधा आहे. विकणारा रात्री मागतो, एकटा मागतो आणि स्वतःच्या घरासाठी मागतो. आम्ही दिवसा मागतो, लेखी मागतो आणि वस्तीसाठी मागतो.

तिसरा आक्षेप मला सर्वांत जास्त विचार करायला लावतो : बाबासाहेबांनी शासनकर्ती जमात व्हा असे सांगितले. स्वतःचा पक्ष मजबूत केल्याशिवाय ते कसे होणार? माझे उत्तर असे की पक्ष हवाच. आपला, स्वाभिमानी, सर्व बहुजनांना सोबत घेणारा पक्ष हवा, आणि त्यासाठी उन्हातान्हात फिरणाऱ्या कार्यकर्त्यांपुढे मी मान झुकवते. पण कार्यकर्त्याचे काम वेगळे, मतदाराचे वेगळे. कार्यकर्त्याने पक्षाला निष्ठा द्यावी. मतदाराने तीच निष्ठा दिली की पक्षाच्या नेत्याला उमेदवार नीट निवडायची गरज उरत नाही, पाच वर्षे काम करायची गरज उरत नाही, युती कोणाशी केली ते समजावून सांगायची गरज उरत नाही. आपला पक्ष दुबळा राहिला त्याला आपली बेइमानी कारण आहे असे नेते सांगतात. मला वाटते आपण हिशेब मागितला नाही हेही तितकेच मोठे कारण आहे.

राखीव जागेवरच्या 'आपल्या माणसा'बद्दलही हेच. राज्यात विधानसभेच्या २९ जागा अनुसूचित जातींसाठी राखीव आहेत. १९३२ च्या पुणे करारानंतर संयुक्त मतदारसंघ आले, त्यामुळे या जागांवरचा उमेदवार आपल्या मतांवर एकटा निवडून येत नाही आणि म्हणून आपल्यासाठी एकटा बोलतही नाही. १४ एप्रिलला निळा दुपट्टा गळ्यात घालणारे आमदार कंत्राटी भरतीवर गप्प असतात. सप्टेंबर २०२३ मध्ये नऊ खासगी कंपन्यांमार्फत सरकारी पदे भरण्याचा शासन निर्णय निघाला. तरुण रस्त्यावर आले, ऑक्टोबरमध्ये तो रद्द झाला, आणि मग सत्ताधारी आणि विरोधक 'हे पाप तुमचे' म्हणून एकमेकांवर ढकलू लागले. कंत्राटात आरक्षण कुठे राहते, हा प्रश्न त्या भांडणात कोणीच घेतला नाही. आडनाव आपले आहे म्हणून मत द्यायचे, हे मी कधीच करत नाही.

माझ्या काही लक्ष्मणरेषा आहेत. जो पक्ष संविधान बदलण्याची भाषा करणाऱ्याला पाठीशी घालतो त्याला मत नाही. जो उमेदवार अॅट्रॉसिटीच्या केसमध्ये 'आपसात मिटवा' सांगायला येतो त्याला मत नाही, मग तो कोणत्याही झेंड्याचा असो, निळ्यासुद्धा. जो मुसलमानांविरुद्ध विष ओकून बौद्धांना जवळ करू पाहतो त्याला मत नाही, कारण ज्या दिवशी त्याचे त्यांच्याशी काम संपेल त्या दिवशी तो आपल्याकडे वळेल. या रेषांच्या आत जे उरतात त्यांच्यात मी निवड करते. कधी जिंकण्याची शक्यता पाहते, कधी माणूस पाहते, कधी फक्त आपल्या पक्षाची मतांची टक्केवारी टिकावी म्हणून हरणाऱ्यालाही मत देते. नोटा मी वापरत नाही. नोटाला कितीही मते पडली तरी विधानसभा-लोकसभेचा निकाल बदलत नाही, आणि मत कुजवायचे नाही हे मी भंडाऱ्याकडून शिकले आहे.

तरुण मित्रांनो, तुमच्यातले अनेक जण पक्षात आहात, काही पदाधिकारी आहात. पक्ष सोडा असे मी सांगत नाही. पण घरोघरी जाल तेव्हा मतदाराला 'तुम्ही कोणाचे?' असे विचारू नका. त्या प्रश्नात मतदार कोणाच्या तरी मालकीचा असतो असे धरलेले आहे, आणि आपल्या आजोबांनी महारकीसह गावगाड्याची सगळी मालकी झुगारून दिली होती. त्यापेक्षा विचारा, 'तुमची मागणी काय?' उत्तर लिहून घ्या. निवडून आलात तर तो कागद घेऊन पुन्हा त्याच दारात जा. हरलात तरी जा.

एवढे केलेत तर माझे मत तुम्हाला मिळण्याची शक्यता पुष्कळ आहे. फक्त पुढच्या वेळी पुन्हा मागायला यावे लागेल.

जय भीम! जय संविधान!